प्रवाळांच्या टाकीचं सामान: घेण्याआधी ‘हे कसं बिघडेल’ ते विचारा

बेळगावच्या उद्यमबागेत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या सबमर्सिबलपासून पिठाच्या गिरणीच्या मोटारीपर्यंत जळालेलं सगळं टेबलावर येतं. उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, हे कशानं गेलं? घरी समुद्राच्या पाण्याची, प्रवाळांची टाकी ठेवली तेव्हापासून तिच्या सामानालाही मी हाच प्रश्न विचारतो, पण विकत घ्यायच्या आधी.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे. म्हणजे साधारण १९० लिटर, आणि खालच्या सम्पमध्ये, म्हणजे पंप-हीटर ठेवायच्या लहान टाकीत, आणखी ५० लिटर. आत मऊ प्रवाळ आहेत, झोअँथिड, मशरूम, लेदर. क्लाउनफिशची एक जोडी आहे. पुढचा हिशेब याच मापाचा आहे. तुमची टाकी मोठी असेल तर आकडे वाढवा, विचार तोच राहील.

खारं पाणी, वीज आणि चोवीस तासांची धाव एकत्र आली की कुठलंही यंत्र कधीतरी जाणारच. म्हणून दुकानदार ‘किती वर्षं टिकेल’ ते सांगत असतो तेव्हा मी त्याला वेगळं विचारतो. हे बिघडेल तेव्हा कुठल्या बाजूला बिघडेल? हीटर बंद पडला तर पाणी हळूहळू गार होतं. रात्र निघून जाते आणि सकाळी तुम्हाला कळतं. तोच हीटर चालू अवस्थेत अडकला तर सकाळपर्यंत सगळं शिजलेलं असतं. दोन्ही बिघाडच. पहिल्याला सावरायला वेळ मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. महागडं सामान आणि भरवशाचं सामान यांत मी फरक करतो तो इथं.

आधी आपला तालुका बघा

खानापूर, बेळगाव आणि अथणी एका जिल्ह्यात असले तरी टाकीच्या दृष्टीनं तीन वेगळे मुलूख आहेत. खानापूरकडे पाऊस भरपूर, झाडं पडून लाईट जाण्याचे प्रसंग जास्त, उन्हाळा मात्र सोसण्यासारखा. तिथल्या माणसानं बॅटरीवर पैसे घालावेत. अथणी-चिकोडीकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या आसपास जातो आणि बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. तिथं पैसा जातो पाणी गार ठेवण्यात आणि आरओच्या मेंब्रेनमध्ये. बेळगाव शहर मधलं. एप्रिल-मे तापतो, पण हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर साधा १२ व्होल्टचा पंखा मारला तरी बाष्पीभवनानं २-३ अंश उतरतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग कमी होतो, पण तेव्हा त्याची गरजही नसते. बेळगावात त्या पंख्यावर माझं भागतं. अथणीच्या माणसाला मी चिलर घ्यायला सांगेन, आणि त्यातली पाण्याची नळी टायटॅनियमची आहे हे लिहून घ्यायला सांगेन. तांब्याची नळी समुद्राच्या टाकीत चालत नाही. विरघळलेलं तांबं अगदी थोडं असलं तरी प्रवाळ, गोगलगाई, कोळंब्या मारतं.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते, त्यामुळे हीटरही लागतो. टाकीला हवं २५-२६ अंश, आणि महत्त्वाचं म्हणजे रोज तेवढंच.

हीटर आणि त्याच्यावरचा पहारेकरी

सगळ्या सामानात मला जास्त धास्ती हीटरची वाटते, म्हणून आधी तोच. साध्या हीटरच्या आत द्विधातूची पट्टी असते. ती तापली की वाकते आणि संपर्क तोडते. दिवसातून अनेकदा ठिणगी पडत पडत ते टोक झिजतं, आणि एखाद्या दिवशी चिकटून बसतं. मग तो थांबतच नाही. कंपनी कुठलीही असो, हा दोष त्या रचनेतच आहे.

यावर तीन उपाय, तिन्ही एकत्र करायचे. पहिला, २०० वॅटचा एक हीटर घेण्याऐवजी १०० वॅटचे दोन घ्या. एक चिकटला तरी १९० लिटर पाणी तापवायला त्याला पुष्कळ वेळ लागतो, आणि एक मेला तरी दुसरा रात्र काढतो. दुसरा, हीटर थेट प्लगला न लावता बाहेरच्या तापमान-नियंत्रकातून द्या. एसटीसी-१००० नावाचा नियंत्रक आपल्याकडे सहज मिळतो, स्वस्त असतो आणि त्यात हीटर आणि पंखा या दोघांसाठी वेगळे रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारे स्विच, असतात. २६ अंश आणि फरक अर्ध्या अंशाचा ठेवला की २५.५ ला हीटर लागतो, २६.५ ला पंखा. तिसरा, हीटरची स्वतःची तापमान ठरवायची चकती २७ वर ठेवा. आता हीटर चालायला दोन दारं उघडी असावी लागतात. नियंत्रकाचा रिले चिकटला तर हीटरची पट्टी तोडते, पट्टी चिकटली तर नियंत्रक तोडतो.

या रचनेतही एक भोक राहतं, ते सांगतो. नियंत्रकाचा सेन्सर पाण्याबाहेर निसटला तर थंडीच्या रात्री तो खोलीची हवा मोजतो आणि हीटर सोडतच नाही. तेव्हा हीटरची चकती कामाला येतेच, तरी सेन्सर नायलॉनच्या पट्टीनं सम्पमध्ये पक्का बांधा. सक्शन कपवर भरवसा ठेवू नका. रबर खाऱ्या पाण्यात कडक होऊन सुटतं.

काचेचे हीटर मी मुलांच्या हाताला लागतील असे ठेवत नाही. टायटॅनियमचा हीटर महाग आहे, पण त्याला स्वतःचा थर्मोस्टॅट बऱ्याचदा नसतो, हे घेताना बघा. तसा घेतला तर वरच्या दोन दारांपैकी एकच उरतं. मग नियंत्रक दोन लावावे लागतात, एकामागे एक.

पंप

हा माझ्या कामाचा भाग, म्हणून सविस्तर लिहितो.

टाकीत दोन प्रकारचे पंप लागतात. सम्पमधून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, आणि टाकीतलं पाणी खेळतं ठेवणारे वेव्हमेकर. मऊ प्रवाळांच्या टाकीत रिटर्ननं तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरवलं तरी पुरे, बाकीची लाट वेव्हमेकरनं द्यायची. खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सम्पपासून टाकीच्या काठापर्यंत चार फूट चढ असेल तर खोक्यावरचा आलेख काढून त्या उंचीला किती पाणी येतं ते बघा. आलेख छापलेलाच नसेल तर मी तो पंप घेत नाही.

साधा एसी पंप म्हणजे पाण्यात फिरणारं चुंबक आणि बाहेर रेझिनमध्ये बुडवलेलं वाइंडिंग. ते वाइंडिंग मी काय, कोणीच पुन्हा भरू शकत नाही, रेझिन फोडल्याशिवाय तार दिसतही नाही. पण तशी वेळ क्वचितच येते. माझ्याकडे ‘जळाला’ म्हणून आणलेले बहुतेक पंप जळालेले नसतात. रोटरवर, म्हणजे त्या फिरत्या चुंबकावर, कॅल्शियमचा पांढरा थर बसून तो अडकलेला असतो. आणि हे नेमकं कळतं केव्हा, तर लाईट जाऊन आल्यावर. महिनोन्‌महिने फिरत असलेला रोटर त्या थरासकट फिरत राहतो, एकदा थांबला की पुन्हा सुटत नाही. आपल्या भागात लाईट जाणं-येणं असतं, म्हणून हा मुद्दा आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागू आहे.

तर घेताना दुकानात पंप उघडायला लावा. हत्याराशिवाय उघडला पाहिजे. शाफ्ट सिरॅमिकचा हवा. स्टीलचा असेल तर परत ठेवा. सिरॅमिक गंजत नाही, पण हातातून पडला तर तुटतो, म्हणून त्याच वेळी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) आणि शाफ्टचा एक जादा संच घ्या. तो संच वेगळा मिळतच नसेल तर तो पंप वापरून फेकायचा आहे, किंमत त्या हिशेबानं द्या. घरी तीन महिन्यांतून एकदा पंप काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर चालवायचा. लिंबूसत्त्व खडेबाजारातच काय, कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. थर विरघळून जातो, पंप साध्या पाण्यात धुऊन परत बसवायचा.

डीसी पंप शांत असतात, वेग कमी-जास्त करता येतो, वीज कमी खातात. त्यांचा कमकुवत भाग म्हणजे मोटार चालवणाऱ्या सर्किटचा, ड्रायव्हरचा, बाहेरचा डबा. लोक तो सम्पच्या कपाटात, पाण्याच्या वर ठेवतात. तिथं खारट दमट हवा सतत असते आणि आतल्या सर्किटच्या पट्टीवरची पिनं हिरवी पडतात. डबा कपाटाच्या बाहेर, टाकीच्या पाण्यापेक्षा उंच भिंतीला लावा आणि तारेला खाली झोळ द्या. म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाला टपकेल, डब्यात शिरणार नाही. हा ड्रायव्हर सुटा मिळतो का, किती दिवसांत येतो, मुंबईहून की बेंगळुरूहून, हे आधी विचारा. अॅडॉप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं हवं. खेड्यांत रात्री लोड उतरला की व्होल्टेज चढतं, ते अशा अॅडॉप्टरला बरंच सोसतं.

निपाणीहून एक डॉक्टर आले होते, भावानं अमेरिकेतून दिलेला चांगला नामांकित पंप घेऊन. म्हणाले, “अण्णा, याला ११० चा ट्रान्सफॉर्मर करून द्या.” ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, वारंवारता बदलत नाही. तिकडं ६० हर्ट्‌झ, आपल्याकडं ५०. हा पंप सिंक्रोनस असतो, म्हणजे त्याचा वेग वारंवारतेला बांधलेला. तो इथं सहापैकी पाच भाग वेगानं फिरतो, पाणी कमी देतो आणि तेवढ्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढून गरम होतो. त्यांना मी तो लावू दिला नाही. बाहेरून आणलेला डीसी पंप मात्र चालतो, फक्त अॅडॉप्टर २४० व्होल्ट घेणारा हवा.

वेव्हमेकरचं चुंबक काचेपलीकडून धरलेलं असतं. आतल्या चुंबकाचं प्लास्टिकचं आवरण तडकलं की आत पाणी जातं आणि चुंबक फुगून गंजतं. हे दोन-तीन महिन्यांतून हातानं चाचपून बघायचं. फुगीर लागलं की त्या दिवशी बाहेर. टाकीत एकच मोठा वेव्हमेकर ठेवण्यापेक्षा दोन लहान ठेवा, कारण तोच, एक गेला तर दुसरा पाणी हलतं ठेवतो.

लाईट जाते तेव्हा

लाईट गेल्यावर आधी काय मरतं, तर मासे गुदमरतात. पाणी थांबलं की ऑक्सिजन आत जाणं थांबतं, आणि भरलेल्या टाकीत काही तासांत हालत वाईट होते. म्हणून बॅटरीवर पहिला हक्क पाणी हलवणाऱ्या पंपाचा, त्यानंतर हीटरचा, आणि दिव्यांचा अजिबात नाही. प्रवाळांना दोन-तीन दिवस अंधार चालतो, समुद्रावरही ढग येतातच.

घरच्या इन्व्हर्टरवर एसी पंप लावायचा असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंप घुमतो, तापतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे एक १२ व्होल्टचा डीसी वेव्हमेकर आणि त्याला थेट बॅटरी. हिशेब करून बघा. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवायची नाही, म्हणून हाती ६००. १५ वॅटचा पंप त्यावर ४० तास जातो. तोच पंप इन्व्हर्टरमधून चालवला तर इन्व्हर्टर स्वतःच १०-२० वॅट खातो आणि वेळ निम्म्यावर येते. खानापूर-जांबोटीकडच्यांना हे ४० तास खरोखर लागतात. शहरात ७ अँपिअर-तासांची लहान सीलबंद बॅटरी आणि १० वॅटचा पंप घेतला तरी चार तास निघतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्यात लाईट येते. बॅटरी ट्युब्युलर घेतली तर रोजच्या चार्ज-डिस्चार्जला जास्त टिकते.

संरक्षणाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. टाकीच्या प्लगवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, हवीच. हात खाऱ्या पाण्यात घालायचा असतो आणि पाण्यात दोन-चार विजेची यंत्रं असतात. पण सगळं एकाच आरसीसीबीवर ठेवू नका. एखादा हीटर फुटला आणि ती पडली तर पंपही थांबतात, आणि तुम्ही गावाला गेलेले असता. दोन घ्या, रिटर्न पंप आणि एक हीटर एकीवर, वेव्हमेकर आणि दुसरा हीटर दुसरीवर. शहापूर, अनगोळकडच्या जुन्या घरांत तीन पिनचा प्लग असतो, मागं अर्थिंगची तारच नसते. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग करून घेतल्याशिवाय टाकीत पाणी भरू नका. मे महिन्यात वळवाचा पाऊस विजांसह येतो, तेव्हा सर्ज प्रोटेक्टर उपयोगी पडतो, आणि तोही अर्थिंग असेल तरच. त्यातला भाग प्रत्येक झटक्यानं थोडा झिजतो. दर्शक दिवा विझला की तो बदलायचा.

टायमर यांत्रिक घेऊ नका. लाईट जाईल तेवढा तो मागं पडतो आणि आठवड्यात टाकीची सकाळ दुपारी होते. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या.

टाकी, स्टँड, सम्प

दीड फूट उंचीला १० मिलिमीटर काच घ्या. जोडणीचं सिलिकॉन शिरक्यासारख्या वासाचं असतं ते, पण बाथरूमसाठीचं बुरशीरोधक नको. त्यात बुरशीनाशक असतं. ओव्हरफ्लोची, म्हणजे वरचं पाणी सम्पमध्ये उतरवणारी, भोकं जोडणीआधी पाडून घ्या. टफन केलेल्या काचेला नंतर भोक पडत नाही, पाडायला गेलं तर अख्खी काच चुरा होते. काठावर अडकवायचे सायफनचे ओव्हरफ्लो डबे मिळतात, ते मी कोणालाच सुचवत नाही. लाईट गेल्यावर त्यांतला सायफन तुटला आणि परत सुरू झाला नाही, तर पंप पाणी वर चढवत राहतो आणि ते जमिनीवर येतं. चुकीच्या बाजूला बिघडणं म्हणतात ते हेच.

पाणी, काच, दगड, वाळू, सम्प मिळून वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जातं. जुन्या घराच्या माडीवर, फळ्यांच्या जमिनीवर ही टाकी ठेवू नका. स्टँड लोखंडी अँगलचा असेल तर पावडर कोटिंगवर एक ओरखडा पुरतो, गंज आतून पसरतो. वेल्डिंगच्या टाक्यांवर इपॉक्सी रंगाचे दोन हात मारून घ्या. लाकडी करणार असाल तर प्लायवर आयएस ७१० छापलेलं बघा, तो मरीन ग्रेड. एमडीएफ किंवा भुश्याचा बोर्ड पहिल्याच पाण्यात फुगतो.

सम्पमध्ये रिकामी जागा सोडणं फार महत्त्वाचं. पंप थांबला की रिटर्नच्या नळीतून टाकीतलं पाणी उलटं खाली येतं. हे थांबवायला लोक एकदिशा व्हॉल्व लावतात. त्याच्या झडपेखाली एखादी गोगलगाय किंवा कॅल्शियमचा खडा बसला की तो गळतो. नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ठेवा, आणि सगळं पाणी आलं तरी सम्प भरणार नाही एवढी जागा ठेवा. मग व्हॉल्व लावला काय आणि नाही काय.

उन्हाळ्यात पंखा चालू असला की रोज तीन-चार लिटर पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं. ते भरून काढणारा आपोआप टॉप-अप घ्यायचाच, पण तरंगता स्विच अडकतो. सेन्सर दोन असलेला घ्या, एक रोजच्या पातळीला आणि एक धोक्याच्या. तरीही मुख्य संरक्षण म्हणजे गोड्या पाण्याचा कॅन लहान ठेवणं. २४० लिटरमध्ये १० लिटर गोडं पाणी एकदम सांडलं तर क्षारता ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ) वरून साडेतेहेतीसच्या जवळ येते, टाकी सावरते. ५० लिटरचा ड्रम रिकामा झाला तर ती २९ वर येते. रोज कॅन भरायचा कंटाळा येतो खरा, पण मी लहान कॅनच ठेवतो.

धातू

उद्यमबागेत कोणालाही विचारा, तो सांगेल, “एसएस आहे, गंजत नाही.” ३०४ प्रकारचं स्टेनलेस स्टील गंजतं, खाऱ्या पाण्यात बारीक बारीक खड्डे पडत. ३१६ जास्त टिकतं, पण कायमचं बुडवून ठेवायचं तेही नव्हे. आणि लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे ३१६ असं नसतं, ३०४ लाही ते फारसं चिकटत नाही. सोपा नियम असा की पाण्याला लागतं तिथं प्लास्टिक, काच, सिरॅमिक, टायटॅनियम. नळीचे क्लॅम्प नायलॉनचे, व्हॉल्व यूपीव्हीसीचे. पितळी कॉक एकही नको, त्यात तांबं असतं.

पाणी, मीठ, मोजमाप

बेळगावात नळाचं पाणी राकसकोप आणि हिडकलचं येतं, प्यायला ते ठीक. टाकीला मात्र आरओ आणि त्यापुढं उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावून, टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर ० दाखवणारं पाणी हवं. घरचा पिण्याचा आरओ चालत नाही. त्यात चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो कच्चं पाणी थोडं परत मिसळतो. मेंब्रेनच्या आधी कार्बनचा फिल्टर असू द्या, क्लोरीन मेंब्रेन खातं.

चोर्ला घाट उतरलं की समुद्र आहे, मग गोव्याहून पाणीच का आणू नये, असं पुष्कळजण विचारतात. मांडवी-झुआरीच्या मुखाशी पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी असतं, आणि जेटीजवळ डिझेल. दर वेळी वेगळं पाणी येतं. त्यापेक्षा समुद्री टाकीसाठीचं मीठ मिसळा. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५) संदर्भ-द्रवानं जुळवा. नुसत्या आरओच्या पाण्यानं शून्य जुळवून वरचा आकडा बरोबर येईलच असं नाही.

पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणाऱ्या स्किमरबद्दल थोडक्यात. आपल्या टाकीच्या दीडपट मापाच्या टाकीसाठी म्हणून खोक्यावर लिहिलेला घ्या. पंप वरच्याच नियमांनी तपासा. कप हातानं सहज निघाला पाहिजे, नाहीतर तो धुतला जात नाही.

दिव्यांना लोक सर्वांत जास्त पैसे देतात. मी त्यांचा नंबर शेवटी लावतो, कारण दिवा बिघडला तर टाकी मरत नाही. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पारचा (प्रवाळांना उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पुरतो. ड्रायव्हर बाहेर असलेला, पंखा चार स्क्रूंनी निघणारा, पुढं काच किंवा अॅक्रिलिक असलेला एलईडी घ्या. उघड्या एलईडींवर मिठाचे कण बसतात. पंखा बंद पडला की एलईडी तापून मरतात, म्हणून तो बदलता येणं महत्त्वाचं. रंगांची शंभर चॅनेलं आणि मोबाइलवरची सजावट यांवर एक रुपयाही जादा देऊ नका, तोच पैसा दुसऱ्या वेव्हमेकरला द्या.

जुनं सामान

काचेची टाकी, सम्प, स्किमरचा सांगाडा, रिफ्रॅक्टोमीटर हे जुनं घ्यायला हरकत नाही. हीटर, आरओ मेंब्रेन, रबरी भाग जुने घेऊ नका. टाकी जुनी असेल तर त्यात माशांना तांब्याचं औषध कधी दिलं होतं का, हे स्पष्ट विचारा. ते दगडांत आणि सिलिकॉनमध्ये मुरतं आणि नंतर सुटत राहतं. उत्तर नीट मिळालं नाही तर टाकी सोडून द्या.

आणि प्रवाळांबद्दल. टणक चुनखडी सांगाड्याचे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून आहेत. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीचे असोत की मालवणचे, समुद्रातून एक तुकडाही उचलायचा नाही, आणि कोणी ‘तिकडचं आहे’ म्हणून स्वस्तात देत असेल तर घ्यायचं नाही. ज्या जिवांसाठी आपण एवढी दक्षता घेतो, ते त्यांच्या घरातून तोडून आणलेले असणं मला सहन होत नाही. विक्रेत्याकडून बिल आणि मूळ कुठलं ते लिहून घ्या.

भरायच्या आधीची परीक्षा

सगळं जोडून झालं की आधी साधं नळाचं पाणी भरा, मासा नाही, मीठ नाही. मग मुख्य बटण बंद करा. सम्प भरून वाहतो का बघा. पाच मिनिटांनी चालू करा. प्रत्येक पंप स्वतःहून सुटला का बघा. हे दिवसातून चार-पाच वेळा, आठवडाभर करा, आणि एकदा बॅटरीवर पूर्ण रात्र काढा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून ती पडते का तपासा. नियंत्रकाचा सेन्सर पाण्याबाहेर काढून गार जागी ठेवा आणि हीटर त्याच्या चकतीवर थांबतो का, हे शेजारी बसून पाहा. टॉप-अपचा कॅन मुद्दाम पूर्ण रिकामा होऊ द्या. जे या आठवड्यात फसलं ते दुकानदाराकडे परत जातं, वॉरंटीचा शिक्का ताजा असताना.

त्यानंतर एक जाड पुठ्ठा घ्या आणि सम्पच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्यावर मराठीत, आणि घरी मदतीला येणारी माणसं कन्नड वाचणारी असतील तर कन्नडमध्येही, एवढं लिहा: कुठली आरसीसीबी कशाची, लाईट गेली तर बॅटरीची कुठली वायर कुठं लावायची, पाणी जमिनीवर दिसलं तर आधी कुठलं बटण बंद करायचं, जादा इम्पेलर कुठल्या खणात आहे, आणि कोणाला फोन करायचा. माझ्या घरी हे सगळं बायकोला आणि शेजारच्या अकरावीतल्या पोराला येतं. दोघांनी मी नसताना एकेकदा पंप उघडून साफ करून परत बसवलाय.